करवंदीचे कुंपण



वैशाखाचे ऊन भरात आले म्हणजे गावोगावच्या बाजारांतून "डोंगरची काळी मैना!" अशी आरोळी ऐकू येऊ लागते. ही मैना म्हणजे पक्षी नव्हे, हे तुम्हांस सांगणे नलगे. पानांच्या द्रोणांत भरलेली ती काळी, टपोरी करवंदे पाहून कोणाच्या तोंडास पाणी सुटत नाही? करवंद मोडून आत लाल निघाले तर 'कोंबडा' आणि पांढुरके निघाले तर 'कोंबडी', हा खेळ तुमच्याप्रमाणेच तुमच्या आईवडिलांनीही खेळलेला आहे. परंतु करवंद हे डोंगराचे फळ, आपल्या परसात त्याचे काय काम, अशी पुष्कळांची समजूत असते. ती दूर करावी आणि ही झुडपे घराच्या कुंपणास कशी लावावीत हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपला जिल्हा विस्ताराने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले; लोकांच्या तोंडी तो अद्याप 'नगर'च आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर, रतनगड व हरिश्चंद्रगड. तेथे पाऊस धो धो कोसळतो. पण त्या डोंगररांगा मागे टाकून आपण पूर्वेकडे आलो, की पाऊस झपाट्याने घटत जातो आणि बहुतेक तालुक्यांत वर्षाकाठी सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटरच पाऊस पडतो. तोही वेळेवर पडेल याची शाश्वती नसते. १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट घरातील वडील मंडळींना विचारा. विहिरी कशा आटल्या आणि माणसे खडी फोडण्याच्या कामावर कशी गेली, हे ती सांगतील.

अशा मुलखात आपण हौसेने झाडे लावतो. आषाढात खड्डे खणतो, रोपे लावतो, टाळ्या वाजवितो. आणि फाल्गुन उजाडला की त्याच खड्ड्यांत वाळक्या काड्या उभ्या असतात. दोष कोणाचा? मुलांचा म्हणावा तर ती सुट्टीत घरी जातात. घरच्यांचा म्हणावा तर ज्या घरी पिण्याचे पाणी आईच्या डोक्यावरून येते, तेथे पेरूच्या रोपास रोज हंडा कोठून मिळावा? मीही एके वर्षी मोठ्या उमेदीने पेरू आणि मोसंबी लावली होती. चैत्रात पंधरा दिवस परगावी राहावे लागले. परत आलो तेव्हा पाने हातात घेताच त्यांचा चुरा झाला. त्या दिवशी मला उमगले, की झाड निवडताना 'कोणते फळ गोड?' हा पहिला प्रश्न नव्हे. 'आपल्या घरच्या पाण्यावर कोणते झाड जगेल?' हा पहिला प्रश्न होय.

करवंदी या परीक्षेत उत्तम रीतीने उतरते. हे सदाहरित, काटेरी झुडूप आहे. त्याची पाने जाड व चकचकीत असल्यामुळे त्यांतील पाणी लवकर उडून जात नाही. मुरमाड, खडकाळ, उतारावरील जमीन त्यास चालते. न चालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मुळाशी साचलेले पाणी. काटे जोडीजोडीने येतात व इतके बळकट असतात, की वाढलेल्या जाळीतून गुरे आत शिरत नाहीत. उन्हाळ्याच्या आरंभी चांदणीसारखी पांढरी, सुवासिक फुले येतात. पान तोडले असता पांढरा चीक येतो, कारण करवंदी ही कण्हेरीच्या कुळातील आहे. मात्र कण्हेर विषारी आणि करवंद खाण्याजोगे; तेव्हा कूळ एक म्हणून गुण एक असे समजू नये!

आता लागवडीकडे वळू. पहिली गोष्ट बियांची. आणि येथे मी कसा फसलो ते आधी सांगतो. एके वर्षी मे महिन्यात करवंदे खाऊन उरलेले बी मी धुऊन, वाळवून डब्यात जपून ठेविले व पुढील वर्षीच्या पावसाळ्यात पेरिले. साठ बियांतून दोन अंकुर आले. मागाहून कळले, की करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर नष्ट होते. ज्वारीबाजरीचे बी वर्षभर ठेवता येते, म्हणून प्रत्येक बी तसेच असेल हा माझा ग्रह चुकीचा होता. म्हणून पूर्ण पिकलेली काळी फळे घ्यावीत, गर धुऊन काढावा, बी एखादा दिवस सावलीत सुकवावे व त्याच आठवड्यात पेरावे.

माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत सम प्रमाणात मिसळून पिशव्या भराव्यात. तळाशी पाणी निघून जाण्यास छिद्रे ठेवावीत. प्रत्येक पिशवीत दोन बिया अर्धा इंच खोल टाकाव्यात. दोन ते चार आठवड्यांत अंकुर दिसतात. रोपाची वाढ आरंभी फार मंद असते, म्हणून ती वर्षभर पिशवीतच वाढवून पुढील पावसाळ्यात जागेवर लावावीत. ज्यांस इतकी वाट पाहणे नको असेल त्यांनी रोपवाटिकेतून रोपे आणावीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळांची जातही काढलेली आहे.

कुंपणासाठी दीड फूट रुंद व तितकाच खोल चर खणावा. तो उन्हाळ्यात तापू द्यावा आणि पहिल्या पावसापूर्वी माती व शेणखताने भरावा. दोन रोपांत दोन फुटांचे अंतर असावे. फळांसाठी सुटे झाड लावणे असेल तर मात्र आठ फूट जागा सोडावी. काळ्या, चिकण जमिनीत चर न भरता वरंबा करून त्यावर रोपे लावावीत, म्हणजे मुळाशी पाणी साचणार नाही.

रोपे लहान असताना त्यांचे काटे कोवळे असतात आणि शेळ्यांस कोवळी पालवी फार आवडते. म्हणून पहिली दोन वर्षे बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्यांचे सुके कुंपण बाहेरून घालावे. सुके काटे दर वर्षी नवे तोडून आणावे लागतात. जिवंत कुंपण एकदा वाढले की ते कष्ट कायमचे वाचतात.

आता पाण्याचा हिशेब करू. चाळीस फुटांच्या कुंपणास सुमारे वीस रोपे लागतील. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक रोपास आठवड्यातून एकदा तीन लिटर पाणी दिले, तर आठवड्यास साठ लिटर झाले. हंडा पंधरा लिटरांचा धरला तर चार हंडे. सात दिवसांत चार हंडे! भाजी धुतल्याचे व तांदूळ धुतल्याचे पाणी जरी साठविले तरी यातील बराच भाग भागतो. आईस विहिरीची एकही जादा खेप पडू नये, हे मुलांनी आपल्या अंगावर घ्यावे. बुडाशी वाळलेल्या पाचोळ्याचा थर दिला तर ओल अधिक टिकते. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा पाणी पुरते. तिसऱ्या उन्हाळ्यापासून झाडे बहुधा आपल्या बळावर उभी राहतात आणि त्याच सुमारास पहिली फळेही दिसू लागतात.

छाटणीविषयी एक सूचना आहे. कुंपण सदोदित नीटनेटके दिसावे म्हणून काही लोक त्यावर वर्षभर कात्री चालवितात व मग फळ येत नाही म्हणून झाडास बोल लावतात. फळे कोवळ्या फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात. शेंडेच कापले तर फळ कोठून येणार? फळे उतरल्यावर पावसाळ्यात काय ती हलकी छाटणी करावी व हिवाळ्यापासून कात्री बाजूस ठेवावी.

याच्या उलट रीत फालशाची. फालसा हेही थोड्या पाण्यावर जगणारे झुडूप आहे. पण त्याची फळे नव्या फुटीवरच येत असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ते जमिनीपासून तीन-चार फुटांवर बेधडक छाटावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत त्यास आंबटगोड, जांभळट फळे येतात. ती एकदोन दिवसांपेक्षा अधिक टिकत नाहीत, म्हणून बाजारात क्वचितच दिसतात. ज्याच्या दारी झाड त्यासच त्यांचे सरबत! अंगणात आठ फुटांची जागा असेल तर एक फालसा अवश्य लावावा.

येथे लहान मुलांस एक इशारा देणे अवश्य आहे. पडीक जागी घाणेरीची काटेरी झुडपे माजलेली असतात व त्यांसही काळ्या मण्यांसारखी फळे येतात. तिची कच्ची फळे व पाने विषारी आहेत. घाणेरीचे खोड चौकोनी, पान खरखरीत व उग्र वासाचे असते आणि त्यातून चीक येत नाही. ही वनस्पती मूळची अमेरिकेची; एकोणिसाव्या शतकात ती शोभेसाठी आपल्या देशात आणली गेली आणि आज रानेच्या राने तिने व्यापिली आहेत. परक्या झुडपाचा डौल पाहून आपण ते दारी आणले आणि आपली करवंदी रानातच विसरलो, असा हा प्रकार झाला.

करवंदाचा उपयोगही नाना परींचा आहे. कच्च्या फळांचे लोणचे व चटणी होते. चीक जाण्यासाठी ती मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवावीत. आंबूस फळांत पेक्टिन नावाचे द्रव्य भरपूर असल्याने त्यांची जेली चांगली गोठते व तिला सुंदर लाल रंग येतो. पिकलेली फळे तर तशीच खावीत, कारण ती घरापर्यंत पोहोचण्याआधीच संपतात!

शेवटी डोंगराची आठवण ठेवू या. अकोल्याच्या आदिवासी भगिनी काट्यांत हात घालून करवंदे वेचतात आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारास येतात. त्यांच्याकडून करवंदे अवश्य घ्यावीत व भावात घासाघीस करू नये. रानातील जाळी मात्र उपटून आणू नये. ती तेथील पाखरांची आणि त्या माणसांची आहे. आपणांस हवे ते मूठभर बी. आणि ते तर त्यांच्या द्रोणातच मिळते.

तेव्हा या मे महिन्यात करवंदे खाल तेव्हा बी थुंकून टाकू नका. त्याच आठवड्यात ते मातीत घाला. उन्हाळ्यात आठवड्यास चार हंडे आणि चार वर्षांचा धीर, एवढेच भांडवल लागते. आज पाचवीत असलेला विद्यार्थी नववीत जाईल, तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीस कुंपणावरील करवंद मोडून 'कोंबडा की कोंबडी?' असे विचारता येईल.