*कार्डाचं कर्ज दुसऱ्या कार्डावर हलवायचं का? आधी सोयाबीनच्या पैशाची तारीख बघा*



आज फवारणीचा मेसेज नाही. आज पैशाला लागलेल्या अळीबद्दल बोलू.

मागच्या आठवड्यात आपल्या एका सभासद दादांच्या सोयाबीनवर अळी बघायला गेलो होतो. अळी बघून झाली आणि त्यांनी मोबाईल पुढे केला. पोराच्या कॉलेजची फी आणि दवाखान्याचं बिल क्रेडिट कार्डावर भरलेलं. सात महिन्यांपूर्वी ६३ हजार देणं होतं. दर महिन्याला "कमीत कमी भरायची रक्कम" भरून एकवीस हजारांच्या वर गेले, आणि देणं अजून ६० हजारांच्या आसपासच. त्यातच दुसऱ्या बँकेचा फोन आला: "आमच्या कार्डावर बाकी ट्रान्स्फर करा, व्याज कमी." दादांनी विचारलं, "करू का?"

असे फोन बऱ्याच जणांना येताहेत, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे *किसान क्रेडिट कार्ड नाही.* ते पीक कर्जाचं खातं असतं. इथे बोलतोय ते खरेदीच्या क्रेडिट कार्डाबद्दल.

*१) आकडा हलत का नाही?*

कार्डाचं व्याज महिन्याला साधारण ३ ते ३.७५ टक्के असतं. महिन्याला, वर्षाला नाही. वर ह्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ३.५ टक्के धरून ६०,००० चा हिशेब:

▪️ महिन्याचं व्याज २,१००
▪️ त्यावर जीएसटी ३७८
▪️ एकूण २,४७८

तुम्ही ३,००० भरले, तर मुद्दलातून गेले फक्त ५२२. आणि बाकी शिल्लक असताना त्याच कार्डावर नवी खरेदी केली, तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

*२) ट्रान्स्फर केल्यावर काय होतं?*

नवी बँक तुमच्या जुन्या कार्डाची बाकी भरते आणि तेवढं देणं तिच्या कार्डावर येतं. ठरावीक महिने व्याज कमी, मुदत संपली की पुन्हा नेहमीचा दर. शिवाय फी असते. समजा फी २ टक्के, व्याज महिन्याला १.५ टक्के आणि मुदत ६ महिने आहे:

▪️ फी १,२०० + जीएसटी २१६ = १,४१६ (एकदाच)
▪️ व्याज ९०० + जीएसटी १६२ = १,०६२ (दर महिन्याला)

आता जुनं आणि नवं शेजारी ठेवा (मुद्दल तेवढंच धरून):

▪️ १ महिना: जुनं २,४७८, नवं २,४७८. फायदा शून्य.
▪️ २ महिने: जुनं ४,९५६, नवं ३,५४०. वाचले १,४१६.
▪️ ६ महिने: जुनं १४,८६८, नवं ७,७८८. वाचले ७,०८०.

म्हणजे महिन्याभरात पैसे हातात येणार असतील तर हलवू नका, सरळ फेडा. दोन ते सहा महिन्यांत *नक्की* येणार असतील तर हलवण्यात फायदा आहे. सहा महिन्यांतही येणार नसतील, तर तुम्ही हरळी एका वाफ्यातून उपटून दुसऱ्या वाफ्यात लावताय.

तुमच्या ऑफरमधले आकडे वेगळे असतील. फोनवर तीनच गोष्टी विचारा आणि लेखी मागा: *फी किती? महिन्याचा दर किती? मुदत संपल्यावर दर किती?*

*३) सोयाबीन ठेवून भावाची वाट बघणाऱ्यांनी हे वाचाच*

काढणी झाली, पण भाव वाढेल म्हणून माल घरात ठेवला, आणि इकडे कार्डाची बाकी तशीच. जीएसटी धरून कार्डाचा खर्च महिन्याला ४.१३ टक्के पडतो. ४,५०० रुपये क्विंटलचा भाव धरला तर दर महिन्याला क्विंटलमागे सुमारे १८६ रुपयांनी भाव वाढला, तरच तुम्ही जागच्या जागी. सलग तीन महिने असा भाव वाढेल याची खात्री कोण देणार?

त्यापेक्षा ज्या बाजार समितीत कृषी पणन मंडळाची *शेतमाल तारण योजना* चालू आहे, तिथे चौकशी करा. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, व्याज *वर्षाला* ६ टक्के, मुदत १८० दिवस. त्याच भावाने १८ क्विंटल म्हणजे ८१,००० चा माल, त्यावर ६०,७५० पर्यंत रक्कम. कार्ड पूर्ण मोकळं, व्याज महिन्याला तीनशेच्या आसपास, आणि माल अजून तुमचाच.

*४) बाकीचे रस्ते*

▪️ *पीक कर्ज:* मर्यादा ठरवताना काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी १० टक्के जास्तीचे धरतात. तेवढं शिल्लक असेल तर वापरा, पण बियाणं-खताचा पैसा कार्डात घालू नका. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे आपल्याला शून्य टक्क्याने पडतं. मुदत चुकली की ती सवलत गेली.
▪️ *बँकेचं सोनेतारण:* कार्डापेक्षा बरंच स्वस्त. पण घरात दोघांनी बसून ठरवा. हप्ता थकला तर दागिना लिलावात जातो.

*५) हलवायचंच ठरलं तर*

✅ जुन्या कार्डाची बाकी शून्य झाल्याचं स्टेटमेंट घ्या आणि कार्ड बंद करायचा अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बाकी नसेल तर ७ कामाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं.
✅ नव्या कार्डावर खरेदी नको, आणि एटीएममधून पैसे तर अजिबात नको.
✅ मुदत संपायच्या महिनाभर आधीची तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा.
❌ फोनवर कुणालाही ओटीपी, कार्डामागचे तीन आकडे सांगू नका. फसगत झाली तर लगेच १९३० ला फोन करा.

त्या दादांचं काय झालं? त्यांची काढणी दसऱ्याच्या आसपास आहे. त्यांनी ट्रान्स्फर केलं नाही. निम्मं सोयाबीन काढणीबरोबर विकायचं, निम्मं तारण ठेवायचं, आणि दोन्हीचे पैसे आधी कार्डाला, असं ठरलंय. पोराला फोन करून कार्ड कपाटात ठेवायला सांगितलंय.

आज संध्याकाळी एवढं करा: कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट उघडा आणि "व्याज" ह्या ओळीपुढचा आकडा वहीत लिहा. हिशेब जुळत नसेल तर वही घेऊन ऑफिसला या, सोबत बसून बघू. लाज वाटून घेऊ नका, अळी लपवली की वाढतेच.

– आपला कृषी सल्लागार 🌱