सामायिक सराव प्रश्नसंच

उज्जैन येथे १९५७ साली विक्रम विद्यापीठ या नावाने स्थापन झालेल्या विद्यापीठाशी अनेक महाविद्यालये संलग्न आहेत. संलग्न महाविद्यालयांचा अभ्यासक्रम समान असतो. मग संगणकशास्त्राच्या प्रारंभिक वर्गासाठी सरावाचे प्रश्न प्रत्येकाने निरनिराळे का काढावेत? लहान गावातील एकट्या शिक्षकावर हा भार पडू नये, यासाठी सामायिक प्रश्नसंच हा उत्तम उपाय होय.

प्रत्येक प्रश्नातून विद्यार्थ्याची नेमकी चूक कळावी. उदाहरणार्थ, द्विमान पद्धतीतील ११०१ ही संख्या दशमान पद्धतीत लिहावयास सांगावी. उत्तर १३ आहे. ११ आल्यास विद्यार्थ्याने अंकांची स्थाने उलट मोजली, असे समजावे.

एकाने काढलेला प्रश्न दुसऱ्याने सोडवून पाहावा. उत्तरासोबत कारणही द्यावे. म्हणजे गाव लहान असले, तरी तेथील विद्यार्थ्याची तयारी उणी राहणार नाही.