तद्विद्यसंभाषा आणि गर्भविकासाचे संशोधन
लेण्याद्री परिसरातील वैद्यांच्या दृष्टीने काही विचार

प्रस्तावना

लेण्याद्रीचा गणपती हा गिरिजात्मज, म्हणजे पार्वतीचा पुत्र. पुत्रप्राप्तीसाठी गिरिजेने याच डोंगरावर तप केले, अशी कथा आहे. या दैवताच्या परिसरात, जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत, व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे गर्भिणी, सूतिका आणि बालक हे रुग्ण नित्य येतात. कोणत्या गर्भिणीस काय आहार सांगितला, कोणता योग दिला, बालक किती वजनाचे झाले, हे वैद्याच्या स्मरणात किंवा फार तर त्याच्या वहीत राहते. वैद्य निवर्तला की तो अनुभवही लुप्त होतो. ही हानी टाळण्यासाठी मानवविकासाचे संशोधन करणाऱ्या विद्वत्परिषदेचे सदस्यत्व कसे उपयोगी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे, म्हणजे त्याच विद्येच्या जाणकारांशी होणाऱ्या चर्चेचे, महत्त्व सांगितले आहे. तिच्यामुळे ज्ञान वाढते, संदेह फिटतो, वाणीस सामर्थ्य येते आणि कीर्तीही लाभते. संभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार आहेत. त्यांपैकी मैत्रीने होणारी संधायसंभाषा आम्हास येथे अभिप्रेत आहे.

गर्भविकासाविषयी अशी चर्चा आपल्या शास्त्रास नवीन नाही. गर्भाचे कोणते अंग प्रथम उत्पन्न होते, या प्रश्नावरील मतभेद सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नमूद आहेत. शौनक शिर म्हणतात, कृतवीर्य हृदय, पाराशर्य नाभी, मार्कंडेय हातपाय, तर सुभूती गौतम शरीराचा मध्यभाग. सर्व अंगे एकाच वेळी उत्पन्न होतात, हा धन्वंतरींचा सिद्धान्त. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, अमान्य झालेली मतेही ग्रंथकाराने नावानिशी जपून ठेवली.

आजचे उदाहरण

या परंपरेचे आधुनिक रूप आपल्याच जिल्ह्यात पाहावयास मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या सहकार्याने १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो आढळले. तथापि, पुण्याची बालके कृश असूनही त्यांच्या अंगावरील मेद त्या मानाने कमी झालेला नव्हता. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, माता दूध, पालेभाज्या व फळे अधिक वेळा घेत असल्यास बालकाचा जन्मकालीन आकार मोठा असल्याचे दिसले.

फेब्रुवारी २००१ मध्ये प्रौढ वयातील रोगांच्या गर्भकालीन मुळांविषयीची पहिली जागतिक परिषद मुंबईत भरली. त्यानंतर २००३ साली या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ती ‘डोहॅड सोसायटी’ या नावाने ओळखली जाते.

मुंबईतील वस्त्यांमध्ये २००६ साली सुरू झालेला प्रयोगही येथे मननीय आहे. त्यात स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाजी, फळे व दूध असलेला अल्पाहार देण्यात आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता जन्मवजनात निश्चित वाढ सिद्ध झाली नाही. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने अल्पाहार सुरू केला होता, त्यांच्या बालकांत मात्र सुमारे ४८ ग्रॅमची वाढ दिसली. अपेक्षेप्रमाणे न आलेले उत्तरही या संशोधकांनी प्रसिद्ध केले, हे आम्हास विशेष वाटते.

चरकोक्त मासानुमासिक पथ्यात दुधास दिलेले स्थान आणि गर्भाधानापूर्वीच्या शुद्धीचा विचार येथे सहज आठवतो. परंतु एवढ्यावरून आपले शास्त्र सिद्ध झाले, असे म्हणणे योग्य नव्हे. आपले योग या अभ्यासांत तपासलेलेच नव्हते. ते तपासावयाचे असल्यास आपणासच पुढे व्हावे लागेल.

सदस्यत्वाचे लाभ

१. मापनाची एकवाक्यता : गर्भाचे वय कसे मोजावे, बालकाचे वजन जन्मानंतर किती वेळात व कोणत्या काट्यावर घ्यावे, हे ठरल्याखेरीज दोन वैद्यांच्या नोंदींची तुलना होत नाही.

२. संख्येचे बळ : एका वैद्याकडे वर्षभरात येणाऱ्या गर्भिणी मोजक्याच. अनेकांच्या नोंदी एकत्र आल्यास आणि संख्याशास्त्रज्ञ सोबतीस असल्यास निष्कर्षास आधार मिळतो.

३. दोषदर्शन : बालक सुदृढ झाले ते योगामुळे, की मातेच्या घरी दूधदुभते होते म्हणून, हा प्रश्न स्नेही सहकारीच विचारू शकतो.

४. नीतीची शिस्त : गर्भिणीची लेखी संमती आणि नीतिसमितीची मान्यता यांवाचून संशोधन करू नये, हा संस्कार संस्थेतच होतो.

५. नव्या ज्ञानाशी परिचय : परिषदा, व्याख्याने व नियतकालिके यांमुळे खेड्यातील वैद्यही चर्चेपासून दूर राहत नाही.

मात्र सदस्यत्व म्हणजे नामफलकावर लिहावयाची पदवी नव्हे. वर्गणी भरून स्वस्थ बसणाऱ्यास यांपैकी कोणताही लाभ होत नाही.

उपसंहार

जुन्नर परिसरातील प्राचीन शिलालेखांत धान्यविक्रेते, कासार व बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. दानाचे द्रव्य या श्रेणींकडे ठेवल्याच्याही नोंदी आढळतात. व्यक्ती जाते, श्रेणी टिकते, हाच त्यामागील विचार असावा. आपला अनुभव हेही एक द्रव्यच आहे.

आमची सूचना एवढीच की, या दोन तालुक्यांतील सभासदांनी प्रथम एक समान गर्भिणीपत्रक ठरवावे. त्यात शेवटच्या ऋतुस्रावाची तारीख, मातेचे वजन, रक्तातील हिमोग्लोबिन, आहार, दिलेले योग आणि बालकाचे जन्मवजन एवढे तरी असावे. रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब अशी धोक्याची लक्षणे दिसताच गर्भिणीस रुग्णालयात पाठवावे व तीही नोंद ठेवावी. अशी पत्रके हाती असलेला वैद्य विद्वत्परिषदेत केवळ श्रोता म्हणून बसणार नाही. चर्चेत घालण्यासारखे त्याच्यापाशी स्वतःचे काही असेल.