शरीराची लाज व ताटांतील अन्न

शेतांत दिवसभर राबणाऱ्यास व्यायाम कशाला, असें आमचे पुष्कळ बंधु विचारितात. प्रश्न रास्त आहे. परंतु खुरपणी करणाऱ्या बाईची पाठ दिवसभर वांकलेलीच असते. ती ताठ करणारें काम तीस मिळत नाहीं. म्हणून सायंकाळीं भिंतीस पाठ व टांचा लावून उभें राहावें, हात सावकाश वर न्यावे, मग दहापांच बैठका माराव्या. बसून काम करणाऱ्यांनीं आठवड्यास निदान १५० मिनिटें झपझप चालावें.

तथापि उपाशी पोटीं बैठका व्यर्थ. 'काडीपैलवान' म्हणून हिणविलेला मुलगा व मान खालीं घालून चालणारी मुलगी यांची लाज पुष्कळदा ताटांतूनच उत्पन्न होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ रक्तक्षयी आढळल्या. घरांत शेवटीं व उरलेलें जेवणारी कोण, हें आम्हीं सांगावयास नको. तिचें ताट अगोदर वाढून ठेवावें. बाजरींत लोह आहे, नाचणींत तांदुळाच्या अनेक पट कॅल्शियम आहे. हीं धान्यें गरिबाचीं म्हणून पाहुण्यांपासून लपविण्याचें कारण नाहीं. डाळीवर लिंबू पिळावें, त्यानें लोह अंगीं लागतें. जेवणावर लागलीच चहा घेतल्यास तें बरेंचसें अंगीं लागत नाहीं. चहा तासभर थांबूं शकतो.

चालतांना धाप लागत असेल, किंवा पापणीची आंतील कड फिकट दिसत असेल, तर केवळ भाकरीवर न विसंबतां सरकारी आरोग्य केंद्रांत रक्त तपासून घ्यावें. तेथें लोहाच्या गोळ्या दिल्यास शौचास काळें होतें म्हणून भिऊन त्या टाकूं नयेत.