पुस्तक स्वखर्चाने काढताना

प्रश्न : पारनेरचे एक निवृत्त शिक्षक गावाच्या आठवणींचे पुस्तक स्वतःच छापत आहेत. सरकारी सोपस्कार कोणते, असे ते विचारतात.

उत्तर : आधी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. नवी दिल्लीची राजा राममोहन रॉय संस्था हा क्रमांक ऑनलाइन अर्जावर फुकट देते. लेखकही अर्ज करू शकतो. मग मध्यस्थाचा खिसा कशाला भरायचा?

स्वामित्वहक्क लिहितानाच मिळतो. १९५७च्या कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे.

प्रकाशनानंतर ३० दिवसांत, १९५४च्या कायद्यानुसार, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, दिल्ली, चेन्नईतील ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते.

पहिलेच पुस्तक असेल, तर छापखान्यात जाण्याआधी थांबावे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेला हस्तलिखित लागते. मंडळाच्या जाहिरातीतील अटी वाचून मगच अर्ज करावा.