झडपेआधी वाट मोजा

सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत फिटर म्हणून झाली, त्यामुळे मिलिमीटरचा हिशेब मला नवा नाही. तरी शरीरातला अर्धा मिलिमीटर किती महागात पडतो, हे आईच्या आजारपणात कळलं. आमच्या दिघीत मधुमेह, बीपी असलेली वयस्कर माणसं घरोघरी आहेत. त्यांच्या मुलाबाळांसाठी हे लिहितो आहे.

आई ७८ वर्षांची. दर गुरुवारी दत्तगड चढणारी बाई अर्ध्यावर बसायला लागली, एकदा भोवळ येऊन पडली. टूडी एकोत महाधमनीची झडप कॅल्शियम साचून घट्ट झालेली निघाली. या झडपेचं तोंड एरवी ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडतं. १ च्या खाली आलं की आजार गंभीर. आईचं ०.७ होतं. महाधमनीच्या भिंतीतही कॅल्शियम होतं. अशा धमनीला चिमटा लावला तर कण सुटून मेंदूकडे जाण्याची भीती, म्हणून छाती उघडायला सर्जन तयार नव्हते. राहिला मार्ग ‘टावी’चा: जांघेतल्या धमनीतून नळी घालून, घडी केलेली नवी झडप हृदयापर्यंत न्यायची. छाती न उघडता अशी झडप माणसात पहिल्यांदा बसवली ती फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिए यांनी, २००२ साली.

पहिल्या रुग्णालयात झडप कुठल्या कंपनीची, किती लाखांची, किती वर्षं टिकेल, यावर भरपूर बोलणं झालं. वाटेबद्दल मात्र ‘पायातून जाऊ’ एवढंच. प्रत्यक्षात नळी ओटीपोटातल्या धमनीत अडकली, धमनी फाटली. आवरण असलेला स्टेंट आतून बसवून रक्तस्राव थांबवला. जीव वाचला, झडप जुनीच राहिली.

दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोच सीटी स्कॅन मला पडद्यावर दाखवला. धमनी अरुंद जागी साडेपाच मिलिमीटर आणि भोवती कॅल्शियमचं पांढरं, अखंड कडं. नळी १४ फ्रेंचची होती. फ्रेंच मापाला तीनने भागलं की मिलिमीटर मिळतात, म्हणजे पावणेपाचच्याही आत. मग अडकली का? कारण नळीवर लिहिलेलं माप आतल्या व्यासाचं असतं! बाहेरून ती सहाच्या आसपास भरते. मऊ धमनी ताणून जागा देते, कॅल्शियमची फाटते.

त्यांनी दुसऱ्या पायाची धमनी निवडली. आधी फुग्यातून ध्वनिलहरी सोडून कॅल्शियमला तडे पाडले. मूतखडा फोडतात तेच तंत्र. त्याला इंट्राव्हॅस्क्युलर लिथोट्रिप्सी म्हणतात. मग नळी गेली, झडप बसली.

तारीख घेण्याआधी एवढं विचारा:

१. सीटी अँजिओग्राफी हृदयापासून दोन्ही जांघांपर्यंत झाली का? सर्वांत अरुंद जागा किती, कॅल्शियमचं कडं अर्धं की पूर्ण, धमनीला वळणं किती?

२. नळीचा बाहेरचा व्यास किती?

३. पायातून जमलं नाही तर खांद्याची किंवा मानेची धमनी चालेल का? धमनी फाटलीच तर रक्तवाहिन्यांचे सर्जन त्या वेळी हजर असतील का?

४. लिथोट्रिप्सी लागली तर खर्च पॅकेजमध्ये की वेगळा? लेखी घ्या.

५. झडपेभोवती गळती, पक्षाघात, पेसमेकर लागणं, हे धोके आपल्या रुग्णाला किती?

६. सीटीच्या डायमुळे मूत्रपिंडावर ताण येतो. क्रिएटिनिन आधी तपासा. साखरेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं डॉक्टर सांगतील तसंच करा.

पैशांचंही आधीच बघा. माजी सैनिकांनी ईसीएचएसची मंजुरी घ्यावी. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल रुग्णांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. घरी आल्यावर जांघेत सूज वाढली, पाय गार पडला किंवा काळानिळा झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

हे वाचून कुणी टावीला घाबरून बसू नये. दम, छातीत दुखणं किंवा भोवळ सुरू झाल्यावर ही झडप तशीच ठेवली तर बहुतेकांच्या दोन-चार वर्षांत जिवावर बेततं. दुसरं मत जरूर घ्या, पण सीटीची सीडी हातात घेऊन, त्याच आठवड्यात.