पावसाळ्यात लंगोट वाळणार कसे?

प्रश्न : माझा मुलगा 5 महिन्यांचा आहे. डिस्पोजेबल डायपर बंद करून कापडी लंगोट वापरायचे ठरवले आहे. सासूबाईंचाही तोच आग्रह आहे. पण आम्ही चिपळूणला राहतो, पावसात कपडे वाळत नाहीत. शिवाय रॅश येईल का?

उत्तर : जरूर सुरू करा. रॅश मुख्यतः ओल आणि शी कातडीला जास्त वेळ लागून राहिल्याने येते. डिस्पोजेबलमधले जेल ओल धरून ठेवते, कापड तेवढी धरत नाही. म्हणून लंगोट ओला झाला की लगेच बदला. दिवसा कापड, रात्री डायपर असे केले तरी बिघडत नाही. तुमची झोपही मला तितकीच महत्त्वाची वाटते.

पावसाळ्यात जाड पॅडचे तयार कापडी डायपर टाळा, ते आतून दमट राहतात. जुन्या सुती साडीचे किंवा मलमलचे मोठे, एकपदरी तुकडे घ्या. वापरताना घडी घालायची, वाळत घालताना उलगडायची. पंख्याखाली काही तासांत वाळतात. किंचित दमट वाटले तर इस्त्री फिरवा. शी आधी संडासात टाका, मग गरम पाण्यात साध्या साबणाने धुऊन भरपूर खळबळा, कारण राहिलेला साबण कातडीला चुरचुरतो. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने कापड पाणी कमी शोषते.

जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर बहुधा बुरशी असते. पावडर लावत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.